डावा पाय आधी

आई, हॉलच्या मागच्या किचनमध्ये बसून लिहितेय. क्लास संपला, शेवटची मुलगी तिच्या वडिलांबरोबर टार्निटला घरी गेली, आणि माझ्यासमोर एक फॉर्म आहे. तो शनिवारी द्यायचाय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाय, कागदाला कोण घाबरतं?" मी घाबरते. तू जाऊन चौदा वर्षं झाली, तरी माझं ते तसंच आहे.

इथे परदेशात शिकायला आले तेव्हा आम्ही सात मुली एका घरात राहायचो, सगळ्या आपल्या देशातूनच आलेल्या. युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर चिठ्ठी होती, की वेरिबी नावाच्या उपनगरात आयरिश डान्सच्या क्लासला मदतनीस पाहिजे. मी गेले. क्लासच्या बाई सत्तरीच्या, आयरिश घरातल्या. नाचून दाखव म्हणाल्या. तू शिकवलंस तशी उभी राहिले, मान ताठ, हात अंगाला चिकटलेले, हलायचे ते फक्त पाय. त्या म्हणाल्या, "इतके शांत हात फार दिवसांनी पाहिले, लव्ह." आणि लहान मुलांचा गट त्यांनी मला दिला. आधी कुठला पाय पडला, याकडे त्यांचं लक्ष गेलंच नाही.

ते हात चिंचोक्यांचे होते. वसईच्या आपल्या स्वयंपाकघरात तू माझ्या दोन्ही मुठींत एकेक चिंचोका देतेस. तो पडला तर हात हलला. तू समोर उभी, साडी घोट्यापर्यंत उचललेली, तोंडाने ताल धरतेस, आणि ओट्यावर निवट्या माशांचं कालवण रटरटतंय. तुझ्या बोर्डिंगमध्ये एका आयरिश सिस्टरने गॅदरिंगसाठी हा नाच बसवला होता, त्यातलं एकही पाऊल तू विसरली नव्हतीस. पहिल्या दिवशी मी तुझ्याकडे बघत बघत उजवा पाय टाकला, तर कालथा पोटरीवर बसला. "उजवा? उजवा कोणी सांगितला? आमची सिस्टर समोर उभी राहून दाखवायची, मी डोळ्यांनी पाहिलंय. डावा आधी!" तेव्हापासून माझा डावा आधी. दोन वर्षं मी इथल्या मुलांनाही डावाच शिकवला.

गेल्या शनिवारी बाईंनी त्यांचा मोठा गट आणि माझी लहान मुलं पहिल्यांदाच एकत्र नाचायला उभी केली. एकमेकांत मिसळून रांग लावली. संगीत सुरू झालं, त्यांची मुलं उजवीकडे निघाली, माझी डावीकडे. माझी सात वर्षांची एक चिमुरडी मोठ्या मुलीवर आदळली आणि चिमुरडीचाच ओठ फुटला. ती रडत रडत माझ्यावर ओरडली, "मिस, यू सेड लेफ्ट! यू ऑलवेज सेड लेफ्ट!"

बाईंनी तिला बर्फ दिला, तिच्या आईला फोन केला, मग माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. नुसतं विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?" आणि आई, मी म्हणाले, "कुणी नाही. व्हिडिओ बघून शिकले."

मला वाटलं, तुझं नाव घेतलं तर त्या हसतील. वाटलं, मुलं माझ्याकडून काढून घेतील. त्या म्हणाल्या, "नो वरीज, आता नीट करू," आणि मुलांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "मी नेहमी पाठ करूनच दाखवते. समोर तोंड केलं की पोरं आरसा बघतात. माझा उजवा त्यांचा डावा होतो."

परतीच्या ट्रेनमध्ये सगळं लक्षात आलं. तुमची सिस्टर उजवाच टाकत होती. तुम्ही मुली तिच्यासमोर उभ्या, आरशात बघावं तशा, म्हणून तुमचा डावा पडला. आणि मी तुझ्यासमोर उभी राहून तेच केलं, तुझा डावा बघून उजवा टाकला. तुझी चूक माझ्या चुकीने दुरुस्त झाली होती. तू ती कालथ्याने पुन्हा बसवलीस. मला ट्रेनमध्ये हसू आलं, समोरच्या बाईने डोळे वर करून पाहिलं, आणि मग मी हसायची थांबले. कारण पाय चुकला ते आपल्या दोघींकडून नकळत. तुला नाकारलं ते मी जाणूनबुजून. लहानपणी गुड फ्रायडेला, शिष्याने आपल्याच गुरूला 'मी ओळखत नाही' म्हटलं आणि कोंबडा आरवला, ती गोष्ट ऐकताना मी तुझा पदर घट्ट धरायचे, की मी कधी अशी नाही ना वागणार? तू म्हणायचीस, "तू कशाला वागशील, वेडे."

आज मुलांना उजवा शिकवला. मुठींत चिंचोके दिले, ते दिलेच. ओठ फुटलेली मुलगी आली होती. तिने विचारलं, "मिस, आर यू शुअर धिस टाइम?" मी शुअर म्हणाले आणि तिच्याकडे पाठ करून उजवा पाय टाकला.

हा फॉर्म शिक्षिकेच्या परीक्षेचा आहे. बाईंनीच आणून दिला, म्हणजे मुलं अजून माझीच आहेत. त्यात एक रकाना आहे, नाच कोणाकडून शिकलात. तो वाचून बाईंनी सही करायचीय. म्हणजे शनिवारी त्यांना कळणार, की मी खोटं बोलले. हे पत्र काही तुला पोचणार नाही, मी ते बुटांच्या डब्यात ठेवीन, चिंचोक्यांच्या पिशवीखाली.

रकान्यात तुझं नाव लिहिलंय, आई. पण अजून पेन्सिलनेच.