वायसरची व्याख्या

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार (माझा गुडघा धरलाय, तेव्हा तूर्त कागदावरच). नवी कवळी कशी आहे? मामी म्हणते, ती तुम्ही फोटोपुरतीच लावता. असो. तुम्ही जन्मभर मुख्याध्यापकी केलीत, म्हणून हे तुमच्याच कानावर घालते.

आमच्या प्रयोगशाळेतला नळ गळायला लागला. सातवीच्या मुलांना पाण्याच्या दाबाचं सूत्र तोंडपाठ, पण नळाचा वायसर बदलणं एकालाही येईना. (मलाही येत नाही, पण मी विज्ञानाची बाई, मला विचारायची कुणाची छाती?) म्हणून मी सुचवलं, आठवड्यातून एक तास दुरुस्तीचा ठेवू या.

सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. भाषेच्या बाईंना कल्पना फार आवडली, फक्त तास त्यांचा नको होता. इतिहासाच्या सरांचं शेवटचं शतक दरवर्षी शिकवायचं राहूनच जातं.  चित्रकलेच्या सरांकडे एकच तास उरलाय, तो त्यांनी पोटाशी धरलेला. अखेर खेळाचा तास गेला, कारण खेळाचे सर रजेवर होते. मग मोठ्या बाई म्हणाल्या, परीक्षा नसेल तर पालक विचारणार, हा तास कशाला? परीक्षा आली, म्हणून पुस्तक आलं. आता मुलं नळाचे प्रकार घोकतात आणि नळ मागे ताल धरतो.

गणिताच्या सरांनीही तास सोडला नव्हता, म्हणून मी त्यांच्यावर चिडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, पोरं गणितात नापास झाली की मला बोलावतात. नळ गळला म्हणून आजवर कुणाला बोलावलंय?" मामा, माणूस वाईट नाही हो, रविवारी कच्च्या मुलांना घरी बसवून शिकवतो. जो तो आपापलं ओझं सांभाळतो, आणि सगळ्यांनी मिळून धरून ठेवलेली शाळा जागची हलत नाही.

परवा परीक्षा झाली. प्रश्न होता, 'वायसरची व्याख्या लिहा.' एक मुलगी उठली, नमुना म्हणून मांडलेला पाना आणि वायसर उचलला, आणि खटपट करून वायसर नळात बसवला. मागची टपटप थांबली तशी मुलं लिहायची थांबली. तिचा कागद कोरा. मी पैकीच्या पैकी गुण दिले. मोठ्या बाई म्हणतात, कोऱ्या कागदावर गुण देता येत नाहीत, वर काय दाखवू?

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. मोठ्या बाई तुमच्याच हाताखाली तयार झाल्या. त्या मुलीसाठी एक शब्द टाकाल का? पोरीला नापास ठरवलंय.

आणखी ता. क. बोलणं निघालंच तर हेही सांगा. वरून आरोग्याचा नवा विषय येतोय आणि त्यासाठी माझा विज्ञानाचा तास मागतायत. विषय चांगला आहे, पण ही काही वेळ नव्हे.