आदर्शच्या नावानं आलेला बदल

प्रिय क्रांती,

फोन केला असता तर तू दोन वाक्यांत वेळ मारून नेली असतीस, म्हणून कागद घेतलाय. तू वडगावला घरून काम करायला लागल्यापासून शाहूपुरीतलं आपलं ऑफिस सुनं पडलंय. तुझ्या खुर्चीवर आता खोकी ठेवतात.

विजयसिंह सर सध्या माझ्या मागे लागलेत. डेअऱ्यांच्या दूध-नोंदीचा आपला प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर असतो, तिथं कुणी बदल पाठवला की तो दारातच तपासणारा हूक मी लिहितेय. त्याच्या हातात कोणती माहिती द्यायची, यावरून आमचं वाजलंय. सरांचं म्हणणं, बदल काय आणि त्यावर नाव कुणाचं, एवढं बास; घरातलीच माणसं हायती की! पण ते नाव म्हणजे लॅपटॉपमध्ये कधीतरी एकदा टाइप केलेलं. तिथं मी चिमणाबाई लिहिलं तरी खपतं. सर्व्हर उघडतो तो प्रत्येकाला दिलेल्या वेगळ्या डिजिटल किल्लीनं. ती किल्ली कुणाची, हेही हूकला कळायला हवं, असा माझा हट्ट आहे.

मे महिन्यात एका बदलामुळं डेअऱ्यांत म्हशीचं दूध गाईचं म्हणून नोंदलं गेलं. त्यावर आदर्शचं नाव होतं. ती मीटिंग आठवते ना? मी केलंच न्हाय तर कबूल काय करू, एवढंच तो म्हणत राहिला. सरांनी त्याला काढलं, मी त्याची किल्ली बंद केली. त्याच्या गावच्या, गडमुडशिंगीच्या डेअरीतही आपलाच प्रोग्रॅम. लोकांचे टोमणे नकोत म्हणून त्याचे वडील आता दुधाची किटली शेजाऱ्याकडे देतात. आणि एरवी कुणाला बोलू न देणारी तू, त्या दिवशी खाली बघत बसली होतीस. मला तेव्हाच खटकलं होतं.

या आठवड्यात मी हूकला किल्लीची माहिती देऊन बघितली. गुरुवारी एक बदल आला. नाव आदर्शचं, किल्ली तुझी. मुद्दाम त्याचं नाव घातलंस, त्याच्या जागेवर डोळा होता, काय काय आलं मनात! मग आठवलं, तुझा लॅपटॉप दुरुस्तीला गेलाय, तू जुना काढला असशील. मे महिन्यातही तुझा लॅपटॉप दुरुस्तीलाच होता. आणि तो जुना लॅपटॉप आधी आदर्शचा होता.

तुला देण्याआधी त्यातलं त्याचं नाव काढायचं काम माझं होतं, क्रांती. मी तुझी किल्ली घातली, नाव तसंच ठेवलं आणि यादीवर 'झालं' लिहून मोकळी झाले. लाज वाटते मला. पण तो बदल तू पाठवलास, हे तुला तरी ठाऊक होतं. दुसऱ्याचं नाव निघालं आणि तू निघू दिलंस. की खरंच कळलं नव्हतं? तसं असेल तर मला किती बरं वाटेल, पण विश्वास बसत नाही.

हे पत्र आज शनिवारी तुझ्या भावाच्या हाती देतेय. उद्या दहा वाजता मी आदर्शच्या घरी निघणार आहे, सोमवारी सरांसमोर उभी राहणार आहे. साडेनऊपासून स्टँडवर तुझी वाट बघेन. आलीस तर तुझं तू सांग. नाही आलीस, तर मला दोघींचं सांगावं लागेल.

अजूनही तुझीच,
त्रिशला