पेट्रोल पंपापर्यंत

दि. १४ मार्च, दुपार

चि.

पुढे सवयीने सौ. लिहायला गेलो आणि पेन थांबलं. सौ. कोर्टाने काढून घेतलं, पण चि.ला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून तेवढं ठेवलं आहे. अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. गाडीला नवी क्लचप्लेट टाकली. सध्या एका निवृत्त हेडमास्तरांना गाडी शिकवतोय. गिअर बदल म्हटलं की ते आधी कारण विचारतात आणि कारण पटेपर्यंत गाडी बंद पडलेली असते. तुझ्या सासूबाईंचे गुडघे जैसे थे. (सासूबाई ही पदवीही आता कशी लिहायची ते कळेना. जुनीच चालवून घे.)

फोन सोडून पत्र का लिहितोय, तर चिरंजीवांच्या वकिलांनी ताकीद दिली आहे की तिकडच्या मंडळींशी फोनवर बोलायचं नाही, बोललेलं कोर्टात काढतात. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. गेटपाशी आपण कसे वागतो ते तुला माहीतच आहे. मी गाडीत, तू दोन हात लांब उभी, मध्ये ठकू. मी म्हणायचं, ठकू, आईला सांग, स्वेटर पिशवीत आहे. तू म्हणायचं, ठकू, आजोबांना सांग, मला दिसतोय. परवा घरी येताना पोरगी मला म्हणाली, "आजोबा, तुमची आणि आईची कट्टी किती वर्षांची आहे?" मी म्हटलं, आमची कट्टी नाही गं, आमची केस आहे. तिला ते काही पटलं नाही.

आता केसवर आलोच आहे तर सांगून टाकतो. मंगळवारच्या तारखेला तुझी ड्युटी होती म्हणून तू नव्हतीस. तुझ्या वकीलबाई होत्या, पण त्या निम्मा वेळ कपाळाला हात लावून बसल्या होत्या. त्या तुला काय सांगतील कोण जाणे, म्हणून म्हटलं आपणच कळवावं.

तुला दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात मुख्य नर्सची जागा मिळाली आणि चिरंजीवांनी अर्ज ठोकला की ठकूने आता बापाकडेच राहावं. त्या अर्जात मुख्य साक्षीदार कोण, तर मी. ठकूची ने-आण मी करतो ना. वकिलांनी माझी चक्क तालीम घेतली. मुलगी आईकडे जाताना रडते का? हो. एवढंच बोलायचं आणि खाली उतरायचं. मी आरशासमोर उभा राहून दहादा हो म्हटलं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, लग्नाच्या वेळी एकदाच म्हणाला होतात, तेही पुटपुटत.

बरं, ठकू रडते हे खोटं नाही. आमच्या गेटपासून भोंगा सुरू होतो तो पेट्रोल पंपापर्यंत. पंप आला की डोळे पुसून म्हणते, आजोबा, वायपर लावा. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी लावावे लागतात. मग पुढची वाट ती आनंदात असते.

मंगळवारी पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, मुलगी आईकडे जाताना रडते? मी म्हटलं, रडते. वकील खूश होऊन खाली बसायला निघाले. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, आईकडून येतानाही तेवढीच रडते. पंपही तोच. वकील अर्धे बसलेले तसेच राहिले, खुर्ची मागे आहे की नाही ते चाचपडत.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि मला विचारलं, मग तुमच्या मते मुलीने कुठे राहावं? आता हा प्रश्न तालमीत नव्हता. घाबरलो की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो, हे तू गाडी शिकत होतीस तेव्हापासून पाहिलं आहेस. पिंजऱ्याची फळी अशी दणकन वाजली की शिपाई धावत आला.

मी म्हटलं, "बाईसाहेब, आमच्या शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन असतात, क्लच दोन असतात. स्टिअरिंग एकच असतं. ते तिच्या आईच्या हातात राहू द्या."

त्या म्हणाल्या, ही ड्रायव्हिंगची परीक्षा नाही, सरळ सांगा. मग सरळ सांगितलं. म्हटलं, पोरीचा कान दुखला की ती आमच्या घरात झोपलेली असली तरी आईला हाक मारते. सायकलवरून पडली की बाबाला हाक मारते. दोघंही हवेत तिला, पण कान जास्त वेळा दुखतो. हे ऐकून त्या बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. निकाल पुढच्या तारखेला आहे, काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

परत येताना चिरंजीव मागच्या सीटवर बसले. एरवी शेजारी बसतो. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांशी गोड बोलून याचं घरी तोंड बंद असतं हे तू भोगलंच आहेस. अर्ध्या वाटेत म्हणाला, "बाबा, तुम्ही माझे साक्षीदार होतात."

मी म्हटलं, साक्षीदार तुझा होतो, पण शपथ माझी होती.

"मग मी कोण तिचा? महिन्यातून दोनदा येणारा पाहुणा?"

मी म्हटलं, शेजारच्या सीटवरचा माणूस. जन्मभर मी त्याच सीटवर बसून पोट भरलंय, तिला कमी लेखू नकोस. त्याने ऐकलं की नाही ते ठाऊक नाही. ठकूच्या जुन्या बुटाचा जोड त्याने कपाटात ठेवला आहे, धुळीसकट. वाईट माणूस नाही गं तो. तुमचं जमलं नाही, एवढंच. घरी पोचल्यावर तुझ्या सासूबाईंनी चहाचा कप असा आपटून ठेवला की निम्मा चहा बशीत. त्यांचं म्हणणं, या सगळ्याला मूळ मीच. तू शिकायला आलीस तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलाला मागच्या सीटवर कोणी बसवलं? मी बसवलं, गाडीत वजन हवं म्हणून. त्याचं पुढे लग्नात रूपांतर होईल हे मला काय ठाऊक.

आता ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं ते. शनिवारी वायपर लावल्यावर ठकू म्हणाली, आई ती नोकरी घेणार नाही, नको म्हणून कळवणार आहे, म्हणजे भांडण संपेल.

तुझी पहिली परीक्षा आठवते? चौकात तू थांबलीस. रिक्षाला म्हणालीस तुम्ही आधी, टेम्पोला म्हणालीस तुम्ही आधी, शेवटी एका गाढवालाही वाट दिलीस. मागे हॉर्नचा गोंगाट. परीक्षक उतरून चालत ऑफिसात गेला आणि तुला नापास करून आला. त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, पोरी, आपला नंबर आला की निघायचं असतं, नाहीतर मागच्यांचाही खोळंबा होतो. आता तुझा नंबर आला आहे. नोकरी सोडू नकोस. मी भर कोर्टात फळी वाजवून आलो आहे, ती वाया घालवू नकोस.

तू म्हणशील, तिथून ठकूला आणणार कशी? हायवेला तुझे हातपाय गळतात, मला माहीत आहे. ट्रक दिसला की तू डोळे मिटायचीस. तर हेडमास्तरांची वेळ मी संध्याकाळवर ढकलली आहे, त्यांना कारण नंतर पटवीन. दर रविवारी सकाळी तू गाडी चालवायची, मी शेजारी, ठकू मागे, वजन म्हणून. वकिलांचा प्रश्न मी सोडवला आहे. शिकवणीत मास्तर आणि शिकाऊ बोलणारच, त्याला कोर्ट काय करणार? तुझं होय असेल तर रविवारी गेटपाशी फक्त मास्तर म्हण. पूर्वी म्हणायचीस तसं. मी समजेन.

आत्ता तुझ्या सासूबाई इथून गेल्या. कोणाला लिहिताय म्हणून विचारलं. मी म्हटलं, विमा कंपनीला. त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि कागदाकडे न बघता म्हणाल्या, "विमा कंपनीला लिहा, ठकूचं तोंड आलंय, आठवडाभर तिखट देऊ नका. आणि म्हणावं, स्वतःही वेळेवर जेवत जा." तर कळावे.

थांब, अजून एक राहिलं. ते सांगायचं नाही असं ठरवून बसलो होतो. गेल्या रविवारी ठकूला तुझ्याकडे सोडलं. तू तिची पिशवी घेतलीस, ती उड्या मारत आत गेली, मी गाडी वळवली. म्हटलं, आता अशा फेऱ्या थोड्याच राहिल्या. आणि तुझ्या गेटपासून मी रडायला लागलो. पंप आला, पंप गेला, तरी थांबेना. शेवटी वायपर लावून पाहिले.

तुझा
(सासरा कोर्टाने खोडला, म्हणून लिहीत नाही)
मास्तर