आधी कापड, मग माप

शनिवार, संध्याकाळ

पोचलो एकदाच्या! गाडीत ठकीने खिडकी अडवली, समोरच्या आजोबांची बिस्किटं संपवली आणि राज्याची हद्द आली तेव्हा नेमकी झोपून गेली. उठल्यावर हद्द कुठे गेली म्हणून माझ्याशी भांडली. हद्द म्हणजे रस्त्यावर ओढलेली जाड रेघ असते, असं तिला वाटत होतं.

नवरा यायचा होता. ऐन वेळी साहेबाने त्याची रजा कापली. मी म्हटलं, आत्या तुझी असली तरी सुट्टी माझी आहे. वर्षभर वीज कार्यालयाच्या खिडकीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकते. आता थोडे दिवस मला कुणीही काहीही सांगायचं नाही.

नवऱ्याच्या आत्याला आजवर फक्त फोनवर ऐकलं होतं. दर सुट्टीला बोलावणं असायचंच. आमच्या लग्नाला मात्र आत्या-आतोबा आले नाहीत, दुकान बंद ठेवता येत नाही म्हणाले. खाली शिवणाचं दुकान, वर घर. आत्या बेततात आणि कापतात, आतोबा मशीन चालवतात आणि अजिबात बोलत नाहीत. दुकानात रिळांच्या रांगा, बटणांचे डबे आणि नव्या कापडाचा तो खळीचा वास. मला फार आवडला.

आत्यांनी ठकीला दारातच उभं करून आपादमस्तक न्याहाळलं. पुढचा पडलेला दात, सायकलवरून पडून हनुवटीवर उमटलेली खूण, डाव्या हाताने जिन्याचा कठडा पकडणं, सगळं बघून झाल्यावर म्हणाल्या, छान आहे, थोडंच काम आहे. मी म्हटलं, आत्या, थोडंच कसलं, ही पोर म्हणजे चोवीस तासांचं काम! समोरचा औषधवालाही कौतुकाने बाहेर आला. मुलगी तुमची का, नाक अगदी तुमचंच आहे, असं मला म्हणाला. ठकीला खोकल्याची गोड गोळी फुकट मिळाली.

रविवार, दुपार

आत्या टेप वापरत नाहीत. गिऱ्हाईक येतं, त्या एकदा वर-खाली बघतात आणि कात्री चालवायला लागतात. टेप म्हणजे नवशिक्याची काठी, म्हणाल्या. आणि काही कपडे तर गिऱ्हाईक यायच्या आधीच कापून ठेवलेले असतात! मी थट्टेने विचारलं, कुणी आलंच नाही तर? तर म्हणाल्या, आमच्याकडे आधी कापड, मग माप. कापलेलं कधी वाया जात नाही, माणूस येतंच.

ठकीसाठीही एक फ्रॉक तयार निघाला. गडद हिरवा, पांढऱ्या कॉलरचा. शिवण अशी की बघत राहावं. पण खांदे उतरत होते, घेर पोटऱ्यांपर्यंत येत होता. मी म्हटलं, जरा मोठा होतोय, थोडा आत घेऊ या का? आत्या म्हणाल्या, कपडा आत घ्यायचा नसतो, घातला की होतो. आमचे साहेबही अशीच उत्तरं देतात.

वरच्या खोलीत एका मुलीचा फोटो आहे. आत्यांची मुलगी. नऊ वर्षांची असताना तापाने गेली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. फोटोतला फ्रॉकही हिरवाच आहे आणि कॉलर पांढरी. मला वाईट वाटलं आणि थोडं कसंतरीही झालं. म्हटलं, राहू द्या आत्या, इतका चांगला फ्रॉक खेळताना मळेल. पण त्यांचा चेहरा इतका पडला की मीच ओशाळले. पाहुण्याने यजमानाचं मन मोडू नये. एका फ्रॉकने काय होणार आहे? मी हो म्हटलं आणि माझ्याच हाताने घातला.

सोमवार

ठकी फ्रॉक काढायला तयार नाही. तो घालूनच झोपली, तो घालूनच उठली. एका जागी बसेल तर शपथ, अशी ही पोर. आज सकाळभर आत्यांच्या पायाशी बसून सुईत दोरा ओवत होती. उजव्या हाताने. आमची ठकी तर डावखुरी. मी म्हटलं, अगो, हात बदललास? तर हाताकडे बघत राहिली. प्रश्न जणू दुसऱ्याच कुणाला विचारला होता.

फ्रॉकचे खांदे आज बरोबर बसतायत. कापड आटलं असणार. पण मग धुतलं कधी? नऊ वर्षांच्या मुलीचा फ्रॉक सात वर्षांच्या मुलीला एका दिवसात कसा होईल? घेरही गुडघ्याशी आलाय. मी आत्यांना विचारलं, आत कापड दुमडलंय का? त्या म्हणाल्या, माया सोडलीच नाही मी. वाढत्या पोरीच्या कपड्याला आत माया सोडतात. ही वाढायची नाही.

शब्द तेवढेच होते, आणि त्या हसतही होत्या. तरी उगीच बॅग उघडून ठकीचे कपडे मोजले, पुन्हा घड्या घातल्या. मन कशातच लागत नाही.

मंगळवार

दात आलाय. परवा नुसती फट होती, आज तिथे पूर्ण दात. हनुवटीवरची खूण बोटाने चाचपून पाहिली, कातडी गुळगुळीत.

नवऱ्याला फोन केला. तो हसला. मुलांचे दात येतातच, म्हणाला, तू सुट्टीतही तक्रारीची खिडकी उघडून बसलीयस. मी म्हटलं, खूण कशी जाईल? तो म्हणाला, कसली खूण? त्यानेच तर तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं! त्याचा शर्ट रक्ताने भरला होता. तो म्हणाला, असेल, आठवत नाही.

खाली उतरले तर औषधवाला दारातच होता. कुणाकडे उतरलात, एकट्याच आलात का, असं विचारत होता. मग ठकीकडे बघून म्हणाला, ही शिंप्यांची मुलगी मोठी गुणी आहे हो. मी म्हटलं, अहो, माझी आहे ती! तुम्हीच म्हणालात नाक माझ्यासारखं आहे. त्याने तिच्या नाकाकडे बघितलं. मीही बघितलं.

उद्या निघायचं. ठरलं.

बुधवार

सकाळी बॅग भरत होते. ठकीला म्हटलं, चल, चपला घाल. ती दारात उभी राहून म्हणाली, काकू, तुम्ही निघालात?

काकू.

मी तिला धरून गदागदा हलवलं. ती भेदरून आई गं म्हणून ओरडली आणि खाली आत्यांकडे धावली. आत्यांना आई म्हणाली. आतोबांनी मशीन थांबवलं नाही. आयुष्यात मला कुणी इतकं दुखावलं नव्हतं. आणि दुखावलं ते माझ्याच पोरीने, तेही तिला कळलेलंसुद्धा नाही.

तिला ओढतच वर आणलं. फ्रॉक काढायचा, एवढंच डोक्यात होतं. पाठीला बटणं नाहीत. रविवारी होती, मीच लावली होती. आता तिथे शिवण आहे, बारीक, जिवंत कातडीसारखी गरम. कापायची कात्री घेतली आणि खांद्यावरचा एक टाका तोडला. एकच.

ती किंचाळली. फ्रॉकखाली तिचा खांदा उघडला होता. टाका तुटला तेवढाच, तिथूनच. रक्त आलं.

आत्या शांतपणे वर आल्या, सुई घेऊन. मी तिचे हात धरले — मीच धरले, काय करणार होते, रक्त थांबत नव्हतं! त्यांनी एक टाका घातला. रक्त थांबलं, ठकीचं रडणंही थांबलं. आत्या मला म्हणाल्या, सूनबाई, उसवायचं नाही. आमच्याकडचं उसवत नाही.

गुरुवार

फ्रॉकसकट नेणार. घरी गेल्यावर बघू. डॉक्टर आहेत, तिचा बाप आहे.

उचलून निघाले. आत्यांनी अडवलं नाही. जा म्हणाल्या. अडवलं असतं तर बरं झालं असतं —

कोपऱ्यावर ठकी ओरडायला लागली. ही बाई मला नेतेय, माझ्या आईला बोलवा. लोक जमले. भाजीवाली, औषधवाला, शाळेची शिक्षिका. सगळे तिला ओळखतात. लहानपणापासून. मला कुणीच नाही. मी म्हटलं, हिच्या बापाला विचारा. नंबर दिला. औषधवाल्याने फोन सगळ्यांसमोर लावला, आवाज मोठा करून.

नवरा काळजीने बोलला, अगदी गोड बोलला. म्हणाला, माझी बायको आत्याकडे एकटीच आलीय, हल्ली तिची तब्येत बरी नसते, कृपा करून तिला गाडीत बसवून द्या. मुलगी? म्हणाला, आम्हाला मूल नाही हो. तेच तर तिचं दुःख आहे.

त्यांनी ठकीला माझ्या हातातून काढून घेतलं. हळूच. मला पाणीही दिलं.

शुक्रवार, सकाळ

गेले नाही. दुकानाच्या पायरीवर बसून आहे. कुणी हाकलत नाही. ठकी आत काज करायला शिकतेय. जीभ बाहेर काढून. ती जीभ अजून माझ्या ठकीची आहे. बाकी —

आत्यांनी चहा आणून दिला. म्हणाल्या, गाडी रोज आहे, कधीही जा. नाहीतर आम्हाला काज-बटणाला बाई हवीच आहे. टेबलावर एक राखाडी झगा ठेवलाय. कामाचा. शिवून तयार.

कधी कापला, विचारलं. तुम्ही रिक्षातून उतरलात तेव्हाच, म्हणाल्या.

शुक्रवार, दुपार

झगा मला खांद्यात घट्ट होईल. म्हणजे होणार नाही. म्हणजे मीच त्याच्या मापाची होईन.

गेले तर मला ती आठवत राहील, आणि ती नसेल. तेही किती दिवस? तिच्या बापाचं काय झालं ते ऐकलंच. झगा घातला तर ती रोज डोळ्यांसमोर असेल, आणि मला — कोण आहे ती मला कळणार नाही. आठवण ठेवू की पोर ठेवू? दोन्ही का नाही? देवा, दोन्ही का नाही —

आत्ता येऊन माझ्याकडे दोरा मागून गेली. मला बाई म्हणाली. केसांना वास तोच आहे.

पोर.

पण लिहून ठेवते. झग्याला खिसा आहे, वही त्यात मावेल. रोज वाचीन. रोज सकाळी वाचायचं, ऐकलंस का गं बाई, तू जी कोणी असशील ती? पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिते, चुकायला नको —

ठकी माझी आहे
ठकी माझी आहे
तिला मी जन्म दिला

घालते आता. एक बाही —

शनिवार

कामाला बसायच्या आधी झग्याच्या खिशात ही वही मिळाली. कुणा पाहुणीची असावी. बाईसाहेब म्हणाल्या, होती एक, गेली बिचारी. मी उघडून वाचली नाही. दुसऱ्याचं वाचू नये. मागची पानं कोरी आहेत, तेवढी वापरते. आज काजं चांगली झाली. झगा अगदी मापात बसतो.

डोळ्यांतून सारखं पाणी येतंय. बारीक कामाने होत असेल.

बाईसाहेबांची मुलगी आली होती. बाहुलीचा फ्रॉक कापायला कागद हवा म्हणाली. गुणी पोर आहे. वहीतलं एक पान फाडून दिलं, मोठ्या अक्षरांचं. तिने विचारलं, यावर काय लिहिलंय? मी म्हटलं, असेल काहीतरी, तू काप. पण तिला वाचायची हौस. इथेच माझ्या पायाशी बसलीय, बोट ठेवून एकेक अक्षर लावतेय. ठ. की. मग थांबली आणि माझ्याकडे बघतेय, अशी का बघते ही — बाईसाहेब जिना उतरतायत, म्हणतायत तो कागद इकडे आण — ती देत नाही, मुठीत धरलाय, ओठ हलतायत तिचे, मा —