भुरीच्या लेकी

३ नोव्हेंबर
चांदणी शेळी पहाटे व्याली. जुळी. मादी, म्हंजे पाट ठणठणीत, बोकडाचा खालचा जबडा आखूड. सड तोंडात धरताच येईना. चीक काढून चमच्यानं पाजला. हे म्हणाले, "आजचा दिस काढील फार तर." असं पटकन बोलवतं कसं यांना.

५ नोव्हें.
सकाळी करडू गेलं. चांदणी अजून हुंगत फिरून राह्यली.

९ नोव्हें.
काळी व्याली. तिलाही दोन, एकाचा तसाच जबडा.
गुरांचे डॉ. येऊन गेले. करडाच्या तोंडात बोट घालून बघितलं. "बोकड कुठला?"
घरचाच, राजा. आमच्या जुन्या शेळीचा, भुरीचा.
"आणि ह्या दोघी?"
त्याही भुरीच्याच लेकी.
मंग म्हणाले, "ताई, खोट भुरीच्या रक्तात लपून असणार. एकीकडून आली तर दिसत न्हाई. आई-बाप दोघांकडून आली की करडात उतरते."

११ नोव्हें.
कशात लक्ष न्हाई. दोन भाकरी करपल्या.
भुरी माहेराहून आणलेली. दहा वर्षं जुळी देणारीच्याच पाटी ठेवल्या, एकटं देणाऱ्या बाजारात. आता गोठ्यात एकटं करडू क्वचित. टेंभुर्णीत बाया म्हणतात, वंदनाचा हात चांगला. हात कसला! मी जुळी निवडत गेले, त्यांच्यामागून हे पण निवडलं गेलं. राजाला तर नुसती उंची अन् कान बघून ठेवलं.

१४ नोव्हें.
शेजारच्या गावचा एकजण राजाला बघायला आल्ता. कळपासाठी पाहिजे. हे आत येऊन हळूच, "देऊन टाकू. त्याच्या शेळ्या वेगळ्या रक्ताच्या. त्याला कळणार बी न्हाई."
तेच तर. दोन-चार वेतांनी कळंल, तवा राजाचं नाव कोण घेणार?
मी बाहेर जाऊन जबड्याचं सांगितलं. माणूस अर्धा चहा ठेवून उठला. हे बोलेनात.

१७ नोव्हें.
राजाला खच्ची केलं. ओरडला. मी धरून होते.
चांदणीच्या पाटीचं काय? डॉ. म्हणतात, तिच्यात लपून असायचीच शक्यता जास्त. अंगणभर उड्या मारती. सगळ्यांत देखणी तीच.

१८ नोव्हें.
आक्का. माझी नणंद, अंकुशनगरला. जूनअखेर राजा महिनाभर तिच्याकडं होता. पाच गाभण. तीन तिच्या, दोन मीच दिलेल्या. भुरीच्या लेकी. कौतुकानं दिल्त्या.
फोन उचलला, ठेवला. दुपारी परत तेच.

२० नोव्हें.
सांगितलं एकदाचं.
"वंदना, तुला ठाऊक होतं?"
"बिलकुल न्हाई, आक्का."
"मंग आता कशाला सांगतीस? पोटातलं बदलणार हाय का?"
"पोटातलं न्हाई. पण तू त्यांच्याच पाटी ठेवशील, त्यांच्यातलाच बोकड लावशील, म्हणून..."
तिनं फोन ठेवला.

२६ नोव्हें.
आक्काचा फोन. "दोघींतली एक व्याली. ये."
"करडं कशी हायत?"
"ये म्हटलं ना."
आवाजावरून काही कळंना. यांना सांगितलं. बारा दिवसांनी तोंड उघडलं, "मी बी येतो."
बसमध्ये लिहून राह्यले, अक्षर हलतंय. पिशवीत करडाला पाजायला दुधाची बाटली अन् चमचा घेतलाय, लागू नये. अंबडला बस बदलायची. तिथून पुढं फार वेळ न्हाई. पोचल्यावर आधी कुणाजवळ जाऊ, आक्काजवळ की शेळीजवळ?