घाऱ्या डोळ्यांची

१२ जानेवारी
शेफाली भिगवणला जाऊन रोहित पक्षी बघून आली. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, पक्ष्यांवरच शिकते. मोबाइलवर फोटो दाखवले. म्हणलं, "बगळाच की गं हा, गुलालात लोळलेला."
म्हणे, "आजी, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. कोणी बगळ्यांत घातला, कोणी बदकांत. मग डीएनए तपासला, तर सगळ्यात जवळचं नातं टिबुकलीशी."
टिबुकली! लोणी गावच्या तळ्यात बुड्या मारायचं ते मातकट, गोळ्याएवढं पाखरू?
म्हणलं, "मग ह्याच्या आईनं कुठं शेण खाल्लं?" पोरगी कानापर्यंत लाल. मजा आली.

१३ जानेवारी
जेवताना सूनबाईला धरलं. नातीचे, मुक्ताईचे, डोळे घारे. आमच्यात सगळे काळेभोर. म्हणलं, "तनुजा, घरात रोहित पक्षी आलाय बघ. डीएनए तपासा." आनंद हसला. माझाच लेक.
"आई, माझ्या आजीचे डोळे घारे होते."
"असतील. मेलेल्या माणसाचे डोळे कोण बघायला जातंय."
ती ताट घेऊन उठली.

१५ जानेवारी
तनुजा रुसलीय. आमटीत मीठ नाही.

१८ जानेवारी
घरी हळदीकुंकू. तनुजा म्हणाली, "आई, तुम्ही जरा आतच बसा." विधवेला आतच बसवायचं, माहीत आहे मला. पण तोंडानं कशाला सांगायचं?
मुक्ताईला कडेवर घेतलं, भर बायकांत जाऊन उभी राहिले. पक्ष्याची गोष्ट सांगितली. मग म्हणलं, "आता सांगा, ही कोणावर गेली?" शेजारची सरुबाई पदरात हसली. तनुजानं तिळगुळाचं ताट खाली ठेवलं नि पोरीला माझ्याकडून घेतलं.

२४ जानेवारी
आनंदनं शेफालीला विचारलं, माणसांची डीएनए तपासणी कुठं करतात. ती धावत माझ्याकडं.
"आजी, मी तर ह्याच्या उलट सांगितलं होतं. दिसण्यावरून नातं कळत नाही, असं!"
"मला शिकवू नकोस," म्हणलं.
आनंदला एका शब्दात थांबवता आलं असतं. नाही थांबवलं. तनुजा कशी घाबरते ते बघायचं होतं. घाबरली नाही. पोरीला मांडीवर घेऊन भरवत बसली.

११ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. पोर आनंदचीच. म्हणलं, "बघ, मी गंमतच करत होते." तनुजानं बॅग आधीच भरलेली. आनंद अडवायला गेला, तर एवढंच म्हणाली, "तुला कागद लागला." मुक्ताईला घेऊन माहेरी गेली.
आनंद माझ्याशी बोलत नाही. आता घरात चिडवायला कोणी नाही.