नऊ किलो जास्तीचं हार्डनर

३ नोव्हेंबर, सोमवार
हार्डनर नऊ किलो जास्त उरलं. शंभर किलो राळ संपली, तर ती कडक करणारं हार्डनर निम्मं, म्हणजे पन्नास किलो संपायला हवं. संपलं एकेचाळीस. महिन्यापूर्वी स्टोअरच्या कॉम्प्युटरवर दोन्हींचं माप मीच बसवलं – दोन किलोला एक किलो. मिसळणीच्या भिंतीवर तसा कागदही लावला. म्हणजे चूक मिसळणाऱ्या बाळाबाईंची. सुपरवायझर आनंदरावांना सांगून टाकलं.

४ नोव्हेंबर
आनंदराव बाळाबाईंच्या समोरच म्हणाले, "हार्डनर कमी म्हणजे माल कच्चा. तारेच्या चारशे कॉइलवर ओतून झालंय, मॅडम. मऊ निघाल्या तर बाळाबाई झाडलोटीला."
नऊ वर्षं मिसळणीवर आहे ती. हात पुसत राहिली.

५ नोव्हेंबर
वीस कॉइल तपासल्या. सगळ्या कडक, नख रुतेना. बरं वाटलं. पण मग हार्डनर उरलं कसं?

६ नोव्हेंबर
मिसळणीवर जाऊन उभी राहिले. बाळाबाई काट्याकडे बघतही नाही. हातात स्टीलचं लिटरचं माप.
"दोन मापं राळ, एक माप ह्ये. गावाकडं पासलीला आमी तांदूळबी मापानंच घालतो."
तेच माप काट्यावर ठेवलं. राळ एक किलो एकशे साठ ग्रॅम. हार्डनर साडेनऊशे. डबा फिरवून वाचला – प्रमाण आकारमानाने! बी.एस्सी. केमिस्ट्री, १९८७. आणि डबा न वाचता किलो टाकून मोकळी.
दुपारी दुरुस्त केलं. खरेदी किलोत, वापर लिटरमध्ये, दोघांचं लिटरचं वजन वेगळं. नऊ किलोंचा फरक गेला. आनंदरावांना म्हटलं, चूक माझी.
"तुमची? तारीख लिहून ठेवतो, मॅडम."
हसू देत. बाळाबाई आपल्या जागी राहिली. आज जेवण गोड लागलं.

७ नोव्हेंबर
भिंतीवरचा कागद काढायला गेले. माझंच अक्षर – 'काट्यावर तोलूनच घ्या.' तसं केलं असतं तर हार्डनर जास्त होऊन चारशेच्या चारशे चिकट राहिल्या असत्या.
"हा वाचला नव्हता का तुम्ही?"
"वाचला की. चुकलाय ते पहिल्याच दिशी कळलं."
"मग बोलला का नाहीत?"
बाळाबाई माप पुसत म्हणाली, "तुमाला कोन सांगनार, बाई?"